पहिला गनप्ला: एचजी, आरजी की एमजी?

मुलगी आठवीत आहे, पहिलाच गनप्ला, म्हणजे जपानी कार्टूनमधल्या गंडम या यंत्रमानवाचा प्लास्टिकचा किट, जोडणार आहे, फोटोत आरजी (रिअल ग्रेड) सगळ्यांत भारी दिसतो आणि मापाने एचजीएवढाच (हाय ग्रेड) आहे, मग तोच का घेऊ नये, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक जण इथंच फसतात.

दोन्ही 1/144, म्हणजे मूळच्या 144 पट लहान, हे खरं. कथेतला मूळ गंडम 18 मीटरचा, म्हणजे मॉडेल साधारण साडेबारा सेंटीमीटर. पण आरजीत तेवढ्याच उंचीत आतला सांगाडा, सुटे कवच, बारीक स्टिकर सगळं कोंबलेलं असतं. काही भाग तर चिमट्याशिवाय धरवत नाहीत. एखादा उलटा बसला की काढताना मोडायची भीती. नवख्या हाताला नकोच.

एमजी (मास्टर ग्रेड) 1/100, म्हणजे 18 सेंटीमीटर. आधी सांगाडा, मग त्यावर कवच. भाग मोठे, त्यामुळे माझ्या मते आरजीपेक्षा एमजी सोपा. फक्त वेळखाऊ आणि महाग. त्याहून मोठ्या पीजीचा (परफेक्ट ग्रेड) विषय सध्या सोडाच.

ग्रेड म्हणजे इयत्ता नव्हे, आणि नुसत्या ग्रेडवरून किटचा दर्जाही कळत नाही. किट कोणत्या सालचा, ते आधी बघा. एकाच आरएक्स-78-2 चा, म्हणजे मूळ गंडमचा, एचजी 2001 चा आहे तसा 2015 चाही आहे. आरजीसुद्धा 2010 चा वेगळा, 2024 चा वेगळा. 2010 च्या आरजीचे सांधे हाताळून हाताळून सैल पडतात. दुकानदार मात्र नुसतं ‘आरजी गंडम’ लिहून मोकळा होतो.

तिच्यासाठी मी 2015 चा एचजी घेईन. तुकडे कापण्याचाच कंटाळा येईल असं वाटत असेल, तर 2020 चा एन्ट्री ग्रेड: भाग हातानेच सुटतात, कटर लागत नाही, रंग प्लास्टिकमध्येच असतात. एचजीलाही हत्यारं मोजकीच लागतात.

एचजीसाठी चांगला निपर (भाग कापायची छोटी पक्कड) घ्याच. वायरमनचा कटर प्लास्टिक चिरडतो आणि पांढरा डाग राहतो. आधी भागापासून लांब कापायचं, मग उरलेलं टोक जवळून. वर पॉलिश पेपर, 400 आणि मग 800. तो साताऱ्यात कुठल्याही रंगाच्या दुकानात मिळेल. गोंद लागत नाही, सगळं दाबून बसतं. रेषांमध्ये भरायचा पातळ एनॅमल रंग एबीएसच्या (एक कडक प्लास्टिक) भागांवर सोडू नका, तडे जातात. कोणता भाग एबीएसचा, ते रनरवरच (भाग ज्या चौकटीला जोडून येतात तिच्यावर) छापलेलं असतं.

मॅट टॉपकोटची, म्हणजे शेवटी चकाकी घालवायला मारायच्या स्प्रेची, घाई करू नका. दमट हवेत त्यावर दुधी झाक येते. आम्ही सांगलीतसुद्धा पावसाळ्यात स्प्रे हातात धरत नाही, तुमच्याकडं तर कासच्या बाजूनं झड लागली की दिवसेंदिवस ऊन नाही. आत्ता जोडून होऊ द्या, स्प्रे दसऱ्यानंतर.