विंडोजचं अपग्रेड कशावर चढवलंत?

प्रश्न : कंपनीत ४० संगणक आहेत, २२ ब्रँडेड, १८ असेंबल केलेले. सगळ्यांसाठी विंडोज प्रोची (विंडोजची व्यवसायासाठीची आवृत्ती) ४० व्हॉल्यूम लायसन्स, म्हणजे कंपन्यांना एकगठ्ठा मिळणारे वापर-परवाने, घेतली, सगळी अ‍ॅक्टिव्हेट आहेत. लायसन्सच्या ऑडिटचं (तपासणीचं) पत्र आलं आहे. उत्तराला ३० दिवस होते, २१ गेले. आकडे जुळत असताना काळजीचं कारण आहे का? भंगारात काढलेल्या जुन्या संगणकांची लायसन्सही धरता येतील ना?

उत्तर : काळजीचं कारण आहे, आणि ते त्या १८ यंत्रांत आहे. ‘आकडे जुळतात’ म्हणणारी पत्रं माझ्याकडे सतत येतात, आणि बहुतेकांनी कराराची एकच अट वाचलेली नसते. डेस्कटॉप विंडोजचं व्हॉल्यूम लायसन्स हे फक्त अपग्रेड असतं. त्या यंत्राला पात्र ठरणारं मूळ विंडोज लायसन्स आधीपासून हवं. असेंबल केलेली यंत्रं विंडोजशिवाय घेतली असतील, तर तुमच्या अपग्रेडला खाली पायाच नाही. अ‍ॅक्टिव्हेशनचा आधार घेऊ नका. चावी (प्रॉडक्ट की) किती यंत्रांवर चालली एवढंच तिथे मोजलं जातं, खालचं मूळ लायसन्स कुणी तपासत नाही.

भंगारातली लायसन्स धरता येणार नाहीत. संगणकासोबत आलेलं ओईएम लायसन्स त्याच यंत्राला बांधलेलं असतं आणि त्याच्याबरोबरच संपतं. वेगळी विकत घेतलेली रिटेल प्रत मात्र जुन्या यंत्रावरून काढून दुसऱ्यावर नेता येते. तशी काही असेल तर तिचं बिल शोधा.

ब्रँडेड २२ बहुधा सुटतील, पण त्यांच्यासोबत होम आवृत्ती आली होती की प्रो, ते पाहा. व्यावसायिक व्हॉल्यूम अपग्रेडसाठी होम पात्र धरली जात नाही.

एकवीस दिवस पत्र टेबलावर का पडून राहिलं, हे मला खरंच कळत नाही. याच दिवसांत बिलं जमली असती. आता आजच लेखी मुदतवाढ मागा. पत्रात करारातल्या ऑडिटच्या कलमाचा हवाला आहे, की स्वतःहून माहिती द्या अशी नुसती विनंती आहे, हे नीट वाचा. तुमचं बंधन किती ते त्यावर ठरेल. यंत्रं फॉरमॅट करू नका, पुरावा नष्ट केल्याचा आरोप त्यातूनच उभा राहतो. मागच्या तारखेचं बिल तर कुणाकडूनही घेऊ नका.

कमी पडणारी मूळ लायसन्स आजच्या तारखेने उघडपणे घ्या. मूळ लायसन्स नसलेल्या यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टचा ‘गेट जेन्युइन’ हा वेगळा प्रकार आहे, विक्रेत्याकडे त्याचीच चौकशी करा. मागच्या काळाची भरपाई किती मागतील, हे करार आणि तिथला कायदा पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. तडजोडीला वाव बहुधा असतो.

ऑडिटवाल्यांचा तक्ता मात्र वकिलाने पाहिल्याशिवाय भरून पाठवू नका. त्यात ‘मूळ लायसन्स’ हा रकाना असेल, तर १८ यंत्रांसमोर काय लिहायचं ते बिलं हातात आल्यावरच ठरवा.