फेरीबोटीच्या अ‍ॅपमध्ये मराठी अक्षरं कापली जातात, बटणं चुकतात. डिझाइनमध्ये काय बदलू?

तुम्ही लिहिलंय की गोव्यातल्या फेरीबोटींच्या वेळा दाखवणारं तुमचं अँड्रॉइड अ‍ॅप फिग्मात (स्क्रीन आखायच्या साधनात) नीट दिसतं, पण मोबाइलवर मराठी-कोंकणी मजकूर वरखाली कापला जातो आणि धक्क्यावर उभ्या माणसाला ते वापरताना त्रास होतो.

मूळ दुखणं अक्षरांत आहे. तुमचे स्क्रीन बहुधा इंग्रजी मजकुरावर बेतलेत. देवनागरीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, त्यामुळे तेवढी उंची पुरत नाही. मटेरियल ३ मध्ये, म्हणजे गूगलच्या डिझाइन-पद्धतीत, १६ एसपी मजकुराची ओळ-उंची २४ एसपी असते (एसपी हे अँड्रॉइडमधलं अक्षरांच्या मापाचं एकक). देवनागरीसाठी मी ती २६ ते २८ ठेवतो. बटणांना आणि यादीतल्या ओळींना ठरावीक उंची देऊ नका, किमान उंची द्या. अँड्रॉइड १४ पासून अक्षरं २०० टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात. वयस्कर माणसं ती मोठी करूनच वापरतात, आणि ठरावीक उंचीत ती हमखास कापली जातात. तपासताना 'पणजी' लिहून समाधान मानू नका, 'मूर्तींतून' आणि 'चिठ्ठ्या' लिहून बघा.

अक्षरांमधलं अंतर शून्य करा. त्याच १६ एसपी शैलीत ०.५ एसपी अंतर आधीच घातलेलं असतं. रोमनला ते चालतं, देवनागरीत मात्र त्यानं शिरोरेषा तुटू शकते. मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात.

धक्क्याचं किंवा गावाचं नाव शोधायची सोय असेल तर गोव्यात आणखी एक अडचण आहे. रोमन स्पेलिंग पोर्तुगीज वळणाची आहेत, त्यामुळे साखळी 'सांकेलिम' होते, डिचोली 'बिचोलिम', पेडणे 'पेरनेम'. नुसतं लिप्यंतर करून हे जुळत नाही. प्रत्येक ठिकाणाला पर्यायी नावांची यादी हातानंच जोडा, आणि 'मडगाव'-'मडगांव' अशी दोन्ही रूपं तीत घ्या. काम कंटाळवाणं आहे, पण शोध चालतो तो यामुळेच.

अ‍ॅप उघडताक्षणी लोकेशनची परवानगी मागू नका. अँड्रॉइड १२ पासून माणूस फक्त अंदाजे ठिकाण देऊ शकतो, आणि ते साधारण ३ चौरस किलोमीटरच्या पट्ट्यातलं असतं. पणजी आणि बेती समोरासमोर आहेत. एवढ्या ढोबळ माहितीवरून माणूस मांडवी नदीच्या कुठल्या काठावर उभा आहे हे कळत नाही, आणि अ‍ॅप उलट दिशेची फेरी दाखवतं. रायबंदरहून तर चोडण आणि दिवाडी असे दोन मार्ग आहेत. त्यापेक्षा शेवटी निवडलेला मार्ग लक्षात ठेवा, पुढची फेरी मोठ्या अक्षरांत पहिल्याच स्क्रीनवर दाखवा आणि शेजारी दिशा उलटवायचं बटण द्या.

बटणाची दाबायची जागा किमान ४८ डीपी (डीपी हे अँड्रॉइडमधलं स्क्रीनवरच्या मापाचं एकक), म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर, आणि दोन बटणांत ८ डीपी अंतर. पावसात एवढंही पुरत नाही: काचेवरच्या थेंबांना स्क्रीन बोट समजतो, ओलं बोट सरकवलं की स्पर्श मध्येच तुटतो. म्हणून पावसाळ्याचा विचार करून मुख्य बटणं ५६ डीपीची करा, आणि सरकवून किंवा दाबून धरूनच होईल असं कुठलंही काम ठेवू नका. उन्हात फिकट करडी अक्षरं वाचता येत नाहीत. पार्श्वभूमीशी उजळपणाचा फरक (काँट्रास्ट) निदान ४.५ : १ हवा, वेळेच्या आकड्यांना ७ : १ द्या.

वेळापत्रक अ‍ॅपमध्येच भरून द्या, सगळं मिळून काही केबीच होईल. पहिल्यांदा उघडतानाही नेटची गरज पडता कामा नये. नवं वेळापत्रक वर्कमॅनेजरनं (अँड्रॉइडमध्ये पडद्यामागची कामं करणाऱ्या सोयीनं) दिवसातून एकदा, नेट असेल तेव्हा, गुपचूप आणा. फिरतं चक्र दाखवून माणसाला थांबवू नका. वेळेखाली 'माहिती १२ जूनची' असं लिहा, म्हणजे जुनी वेळ ताजी समजून कुणी फसणार नाही. प्रत्येक नवी आवृत्ती देण्याआधी एअरप्लेन मोड चालू करून, अक्षरं २०० टक्के करून, ओल्या हातानं एकदा पूर्ण वापरून बघा.