शनिवारी भाऊ फोन का उचलत नाही?

डॅलसहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडचं गाव, थोरला भाऊ सात एकर वावर करतो, आईवडील त्याच्याजवळ. ते लिहितात: "दर शनिवारी सकाळी नऊला मी फोन करतो. दादा बहुतेक वेळा उचलत नाही. उचललाच तर 'हाव, बरं हाय, ठेवू का?' एवढंच. पण पेरणीचे दिवस आले की पैशासाठी त्याचा स्वतःहून फोन येतो. मागे मी सांगूनही कापूस वेळेवर विकला नाही, नुकसान करून घेतलं, स्वभावच आडमुठा. आमची गरज फक्त पैशापुरती आहे हे आता कळून चुकलंय. बायकोही तेच म्हणते. डिसेंबरच्या सुट्टीत गावी जावं की नाही, सांगा."

भाऊ, तुमचंच पत्र पुन्हा एकदा वाचा. दादा फोन उचलत नाही, हे तुम्ही पाहिलंय. पेरणीला पैसे मागतो, हेही पाहिलंय. 'गरज फक्त पैशापुरती' हे मात्र तुम्ही पाहिलेलं नाही, लावलेलं आहे. एका दमात लिहिलं गेलं म्हणून तिन्ही सारखीच खरी वाटतात.

पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९६० मध्ये एक साधा प्रयोग मांडला होता. लोकांना २, ४, ६ असे तीन आकडे दिले आणि सांगितलं, यामागचा नियम ओळखा. तुम्ही हवे ते तीन आकडे सांगा, ते नियमात बसतात की नाही एवढं मी सांगीन. बहुतेकांच्या मनात लगेच 'दोनदोननं वाढतात' हे बसलं. मग ८, १०, १२ विचारलं, बसतात. २०, २२, २४, बसतात. झाली खात्री. खरा नियम होता, कुठलेही चढते आकडे. १, २, ३ एकदा विचारून पाहिलं असतं तर आपला नियम चुकल्याचं तिथंच कळलं असतं, पण आपण चूक ठरू असा प्रश्न फार थोड्यांना सुचला. तुमचा दर शनिवारचा फोन मला या ८, १०, १२ सारखा वाटतो. तीच वेळ, तोच प्रश्न, तेच उत्तर, आणि दर खेपेला समज थोडी आणखी पक्की.

'मन मोकळं ठेवा' असं नुसतं सांगून भागत नाही. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स लॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हे तपासलं. लोकांना 'निष्पक्षपणे विचार करा' म्हटलं तरी त्यांचा कल सुटला नाही. 'हाच पुरावा उलट बाजूनं निघाला असता तर तुम्ही तो असाच मानला असता का?' असं विचारायला लावलं तेव्हा फरक पडला. तोच प्रश्न तुम्हाला विचारते. समजा दादा दर शनिवारी अर्धा तास गोडगोड बोलला असता आणि जूनमध्ये पैसे मागितले असते, तर? बायको म्हणाली असती, बघा, वर्षभर मधाचं बोट लावतात ते यासाठीच. म्हणजे तो गप्प राहिला तरी स्वार्थी, बोलला तरी स्वार्थी. ज्या समजुतीला दोन्ही उत्तरं चालतात, तिला तपासलं असं म्हणता येत नाही.

आता कापसाचं. २०२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलेला सगळ्यांनी पाहिला होता. पुढच्या हंगामात म्हणूनच कित्येकांनी कापूस घरात भरून ठेवला. माजघरात छपरापर्यंत ढीग, त्यातल्या किड्यांनी लेकराबाळांच्या अंगाला खाज, आणि भाव काही आला नाही. तुम्ही याला आडमुठेपणा म्हणता. तुमच्याकडचे शेअर पडल्यावर तुम्ही ते धरून ठेवलेत, तर त्याला काय म्हणाल? दुसऱ्याचं वागणं आपण त्याच्या स्वभावावर टाकतो, परिस्थितीचा भार मोजतच नाही. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये या चुकीला 'फंडामेंटल ॲट्रिब्युशन एरर' असं नाव दिलं.

मीही या चुकीत चार वर्षं काढली आहेत. पुण्याला शिकत होते तेव्हा बाबा एकदाही होस्टेलवर आले नाहीत. मैत्रिणींचे वडील डबे घेऊन यायचे. मुलीनं शिकायला जाणं बाबांना पटलेलं नाही, हे मी पक्कं धरलं होतं आणि त्यांची प्रत्येक गोष्ट त्यात बसवत होते. एका दिवाळीत पहाटे गोठ्यात त्यांच्याजवळ बसले. ते धार काढत होते. सहज विचारलं, बाबा, पुण्याले काहून नाही आले कधी? मान वर न करता म्हणाले, "म्हैस दुसऱ्याच्या हाताले पान्हवत नाही माय. एक दिवस चुकला त चार दिवस दूध चोरते." माझ्या फीचे पैसे त्याच दुधातून येत होते.

तुमच्या डॅलसचे सकाळचे नऊ म्हणजे थंडीत गावचे रात्रीचे साडेआठ. आपल्याकडे शेतीची लाईन, म्हणजे पंपाची वीज, कधी दिवसा, कधी रात्री असते. रात्रीची पाळी असली की माणूस आठलाच आडवा होतो, कारण मग उठून वावरात जायचं, टॉर्चच्या उजेडात हरभऱ्यात स्प्रिंकलरचे पाईप हलवायचे, उजाडेपर्यंत. नाहीतर रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी जागल. तुमच्या दादाचं असंच आहे असं मी म्हणत नाही. कदाचित तुमचाच अंदाज बरोबर निघेल, त्याचीही तयारी ठेवा. शिवाय त्याच्याही मनात तुमच्याबद्दल काही पक्कं बसलेलं असणार. अमेरिकेत पैशाले काय तोटा, असं काहीतरी. घराचा हप्ता किती, नोकरी गेली तर व्हिसाचं काय होतं, हे तुम्ही त्याला कधी सांगितलंय?

तिकीट काढा. त्याआधी दोनतीन फोन वेगळ्या वेळी करून बघा. बुधवारी तुमच्या रात्री नऊला केला तर तिकडे गुरुवारचे सकाळचे साडेआठ असतील. 'कसा आहेस' विचारू नका, त्याचं उत्तर 'बरं हाय' हेच येतं. विचारा, यंदा लाईन कधीची आहे? आणि गेल्यावर एक रात्र त्याच्याबरोबर वावरात जा, पोरालाही न्या. पैशाचा विषय काढायचाच असेल तर पहिले पाईप हलवून झाल्यावर, धुऱ्यावर बसून काढा.