गेमच्या सुरुवातीचे संगीत लक्षात राहते ते केवळ आठवणींमुळे नव्हे

व्हिडिओ गेमची सर्वांत लक्षात राहिलेली सुरुवात कोणती, तिथले संगीत पंचवीस-तीस वर्षांनीही ओठांवर का येते, आणि हे सगळे निव्वळ बालपणाचे कौतुक तर नव्हे ना, असे आपण विचारले आहे. यातला शेवटचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण या विषयावर बोलताना बहुतेक जण गेमचे नाव घेतात, 'काय दिवस होते ते' म्हणतात आणि थांबतात. शाळकरी वयात मी कोल्हापुरात बिंदू चौकाजवळच्या एका बोळातल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये खाऊचे पैसे घालवले आणि पुढे बरीच वर्षे एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला. माझा अधिकार एवढाच आहे. पण दोन्हीकडे कान लावून बसल्यामुळे मला असे दिसते की आठवणींचा वाटा असला तरी तो धाकटा आहे. ज्या सुरुवातीत संगीत चित्राच्या हालचालीला बांधलेले असते आणि खेळाडूला अलगद खेळात नेऊन सोडते, ती सुरुवात टिकते. बाकीच्या कितीही भव्य असल्या तरी विरून जातात.

पार्लरमधल्या मशीनपासून सुरुवात करतो. कोणी खेळत नसताना त्या मशीनवर जे आपोआप चालत असते, त्याचे काम गिऱ्हाईक बोलावण्याचे असते. कॅपकॉम कंपनीच्या १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २'मध्ये भर रस्त्यात गर्दीने वेढलेले दोन जण उभे असतात, एकाचा ठोसा दुसऱ्याला बसतो आणि मग दृष्टी, म्हणजे कॅमेरा म्हणा, मागच्या इमारतीवरून वर वर चढत जाऊन नावाच्या पाटीवर थांबते. आमच्या पार्लरमध्ये हे सगळे मुके चालत असे. अशा मशीनच्या आतल्या पट्टीवर, रिकाम्या वेळचा आवाज चालू ठेवायचा की बंद, यासाठी एक बारीक खटका असतो, आणि आठ-दहा मशीनचा एकदम गोंगाट नको म्हणून मालकांनी तो सगळीकडे बंद करून ठेवला होता. एकदा दुरुस्तीला आलेल्या माणसाकडून तो चालू राहिला. आम्ही सगळे शेजारच्या 'मुस्तफा'भोवती गर्दी करून उभे होतो (त्या गेमचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण हे नाव घेतलेला एकही मुलगा मला आठवत नाही). अचानक तो ठोसा ऐकू आला आणि सगळ्यांच्या माना वळल्या. चित्र तेच होते, रोज पाहिलेले. पण इमारतीवर चढणारी ती दृष्टी कुठेतरी निघाली आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

घरच्या टीव्ही गेममध्ये गोष्ट अधिक सूक्ष्म होती. निन्टेंडोच्या त्या आठ बिटच्या यंत्रात, आणि आपल्याकडे मिळणाऱ्या त्याच्या नकलांमध्येही, आवाजाच्या पाचच वाटा होत्या: सूर वाजवणाऱ्या तीन, ताशासारखा खरखराट करणारी एक, आणि मुद्रित आवाजाचे बारीक तुकडे वाजवणारी एक. पेटीवर एका वेळी तीनच बोटे ठेवायची परवानगी मिळावी, तशी ही स्थिती. त्यातही खेळ सुरू झाला की पात्राची उडी, गोळीचा आवाज, नाण्याची किणकिण यांना जागा द्यावी लागते, आणि ती संगीताच्याच वाटांतून काढून घेतली जाते. मारिओ उडी मारतो तेव्हा धूनमधला एक सूर क्षणभर गायब होतो. कान देऊन ऐकल्यास हे आजही जाणवते. शीर्षकाच्या पडद्यावर मात्र कोणी उडी मारत नाही. पाचही वाटा संगीतकाराच्या हाती असतात आणि त्यांत कोणी लुडबुड करत नाही. त्या काळातल्या शीर्षक-संगीतात जो भरलेपणा आहे, त्याचे एक साधे कारण हे आहे.

गंमत म्हणजे १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'च्या शीर्षकाच्या पडद्यावर संगीतच नाही. कोजी कोंडो यांची ती जगप्रसिद्ध धून सुरू होते ती पहिल्या पातळीत पाय ठेवल्यावर, आणि ती शांतता मला चूक वाटत नाही. त्याच कोंडो यांनी पुढच्याच वर्षीच्या 'द लेजंड ऑफ झेल्डा'च्या शीर्षकासाठी फ्रेंच संगीतकार रावेल यांची १९२८ मधली 'बोलेरो' ही रचना वापरायचे ठरवले होते. परंतु तिचा स्वामित्वहक्क संपलेला नसल्याचे ऐन वेळी लक्षात आले आणि त्यांनी एका रात्रीत, खेळातल्याच मुख्य धूनवर बेतलेले नवे शीर्षक-संगीत तयार केले. या अडचणीतून फायदाच झाला असे माझे मत आहे. 'बोलेरो' झेल्डाची कधीच झाली नसती; ही धून मात्र खेळात उघड्या मैदानावर पाऊल टाकताच पुन्हा भेटते आणि ओळखीची वाटते.

आता बालपणाच्या कौतुकाचा मुद्दा. 'काँट्रा'चे शीर्षक उजवीकडून सरकत येते आणि धडाका होऊन संगीत वाजते, ते ऐकले की माझा अंगठा आजही वर-वर-खाली-खाली करू लागतो, कारण तीस जीव मिळवून देणारी बटणांची ती गुप्त मालिका तिथेच दाबायची असे. ही आठवण झाली, हे मी मान्य करतो. पण 'मेगा मॅन २' हा १९८८ चा गेम मला लहानपणी कधीच मिळाला नाही. तो मी पस्तिशीनंतर संगणकावर इम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) लावून पाहिला. त्याच्याशी माझे कोणतेही जुने नाते नव्हते, आणि तरीही एवढ्या सगळ्यांत तोच मला सर्वश्रेष्ठ वाटतो.

त्यात काय होते ते सांगतो. रात्रीच्या शहराचे चित्र दिसते, त्यावर कथेच्या ओळी उमटतात आणि संगीत संथ, जवळजवळ अंगाईसारखे असते. मजकूर संपतो आणि दृष्टी एका उंच इमारतीवरून वर चढू लागते. आधी सावकाश, मग खिडक्यांच्या रांगा झरझर खाली पळू लागतात, आणि तसतसे संगीतही उसळी घेते. गच्चीवर पोहोचल्यावर तिथे मेगा मॅन उभा असतो, डोक्यावर शिरस्त्राण नाही, केस वाऱ्यावर उडत आहेत, आणि ताकासारखी घुसळत आलेली ती लय तिथे मुख्य धूनमध्ये उतरते. आपण सुरू करण्याचे बटण दाबले की तो शिरस्त्राण चढवतो आणि क्षणात निघून जातो. बोललेला एकही शब्द नाही, चित्र म्हटले तर काही चौकटींचे ठोकळे. पण लय आणि उंची एकाच वेळी वाढल्यामुळे आपल्याही पोटात थोडे हलते. ताकाशी तातेइशी हे या गेमचे प्रमुख संगीतकार. 

कोल्हापूरच्या माणसाला हे तंत्र नवे वाटायला नको. खासबाग मैदानात मोठी कुस्ती लागते तेव्हा हलगीवाला आपल्या मनाने वाजवत नाही; त्याची नजर मल्लांवर असते. दोघे हात मिळवून एकमेकांना जोखत असतात तोवर ठेका अंतर राखून चालतो, आणि पट निघाला, डाव लागला की तो अंगावर येतो. तीच हलगी त्याच माणसाने घरी बसून वाजवली तर ती उत्तम हलगी असेल, पण आपण बाकावरून उठून उभे राहणार नाही.

याच कसोटीवर १९९७ चा 'फायनल फँटसी ७' फार वरच्या जागी बसतो. आधी अंधारात तारे दिसतात, मग हिरवट उजेडात एका मुलीचा चेहरा. ती गल्लीतून रस्त्यावर येते आणि दृष्टी मागे मागे, उंच उंच जात मिडगार नावाचे ते प्रचंड यांत्रिक शहर उलगडत जाते. नोबुओ उएमात्सू यांचे संगीत तोवर दबून असते, ते शहर पूर्ण दिसताना पितळी वाद्यांसह फुलते. नाव झळकते, आणि मग दृष्टी पुन्हा खाली झेपावते ती स्टेशनात शिरणाऱ्या आगगाडीवर. गाडी थांबते, नायक उडी मारून उतरतो आणि आपल्या लक्षात येईपर्यंत खेळ आपल्या हातात आलेला असतो. चित्रफीत कुठे संपली आणि खेळ कुठे सुरू झाला याचा सांधा संगीताने झाकलेला आहे: फलाटावर ठेका बदलतो, पण थांबत नाही. हे संगीत आधी ध्वनिमुद्रित करून ठेवलेले नाही. प्लेस्टेशनची चोवीस आवाजांची चिप ते त्या क्षणी वाजवत असते. वाद्यांचा पोत म्हणूनच जरा प्लॅस्टिकचा वाटतो, याची मला कधी अडचण झाली नाही.

सुरुवात नसली तर काय होते, याचाही अनुभव सांगतो. २००० च्या सुमारास आम्ही ज्या सीडी विकत घेत असू, त्या बहुधा चोरट्या प्रतींच्या असत, आणि एका सीडीत अधिक गेम बसावेत म्हणून त्यांतल्या चित्रफिती काढून टाकलेल्या असत. 'एज ऑफ एम्पायर्स २' मी अशाच प्रतीवर जवळपास दोन वर्षे खेळलो. चिन्हावर दोनदा टिचकी मारली की थेट पर्यायांची यादी (मेनू) समोर. पुढे राजारामपुरीतल्या एका मित्राकडे मूळ सीडी आली, आणि दोन राजे समोरासमोर बसून बुद्धिबळ खेळत आहेत, पटावर सोंगटी सरकली की रणांगणावर सैन्य सरकते आहे, अशी ती सुरुवात मी प्रथम पाहिली. संगीत स्टीफन रिपी यांचे. तोवर मी तो खेळ घाईचा खेळ समजून खेळत होतो: शेती, लाकूड, सैनिक, हल्ला. त्या दोन मिनिटांनंतर मी चाल करण्याआधी थांबू लागलो. आपण सुरुवातच पाहिली नव्हती, म्हणजे खेळाचा सूरच लावला नव्हता, असे त्या दिवशी वाटले, आणि सीडीवाल्याला मनातल्या मनात चार शब्द ऐकवले. फुकटेपणा आमचाच होता, हा भाग वेगळा.

ज्यांची नावे या विषयात हमखास घेतली जातात, त्यांच्याविषयी थोडक्यात. 'हेलो'मधले मठातल्या साधूंसारखे समूहगान (२००१) आणि 'स्कायरिम'चे (२०११) तीसेक गायकांचे आवाज तीनदा एकावर एक चढवून नव्वदांचे भासवलेले वीरगान, ही दोन्ही श्रवणीय आहेत. पण दोन्ही मुख्यतः यादीच्या पडद्यावर वाजतात, समोर काही घडत नसते, त्यामुळे मला ती गाणी आठवतात, सुरुवाती आठवत नाहीत. 'सिव्हिलायझेशन ४'चे 'बाबा येतू' हा अपवाद आहे. ख्रिस्तोफर टिन यांनी स्वाहिली भाषेतल्या ख्रिस्ती प्रार्थनेला दिलेली ही चाल संथ फिरणाऱ्या पृथ्वीच्या चित्राबरोबर ऐकू येते, आणि संपूर्ण मानवजातीचा इतिहास हाताळणाऱ्या खेळाला तेवढे एक चित्र पुरते. २०११ मध्ये तिला ग्रॅमी मिळाले. गेमसाठी रचलेल्या संगीताला मिळालेले ते पहिलेच. आणि सुरुवातीवर किती खर्च करावा याचे टोक पाहायचे असेल तर १९९१ चा 'सॉनिक' पाहावा: 'सेगा' ही कंपनीच्या नावाची दोन अक्षरे गाऊन म्हणण्यासाठी त्यांनी गेमच्या कॅसेटमधली एक अष्टमांश जागा दिली होती.

आपल्या मुलुखातले एक नाव मुद्दाम घेतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढलेल्या 'राजी'ची कथा छायाबाहुल्यांच्या खेळातून पुढे सरकते. घाट उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीला ज्यांनी ठाकर कलाकारांच्या चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागे हलताना पाहिल्या आहेत, त्यांना त्या सुरुवातीत परके असे काही वाटणार नाही.

एकच नाव हवे असेल तर माझे उत्तर 'मेगा मॅन २' हेच राहील. ते पाहताना एक पथ्य पाळावे: एकदा आवाज बंद करून पाहावे, एकदा डोळे मिटून ऐकावे, आणि तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र घेऊन, गच्चीवर पोहोचेपर्यंत कोणत्याही बटणाला हात लावू नये.