कडेवर मूल आणि समोर रांग

अडीच वर्षांच्या लेकीला घेऊन पहिल्यांदाच वाशीहून खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला निघालीयस, म्हणून आधीच सांगते. एक्सप्रेस तिकीट म्हणजे जादा पैसे मोजून छोटी रांग. परवडत असेल तर जरूर घे, पण ज्यांना परवडत नाही त्यांचीही मुलं तितकीच दमतात, हे मला खुपतं.

मला न्याय्य वाटतो तो डिस्नेचा रायडर स्विच. मूल उंचीच्या नियमात बसत नसेल तर एक पालक राइडवर जातो, दुसरा मुलापाशी थांबतो. मग अदलाबदल. दुसऱ्याला पुन्हा अख्खी रांग लावावी लागत नाही, वेगळे पैसेही नाहीत. हा वशिला नव्हे गं. तोही तितका वेळ मूल सांभाळत थांबलेलाच असतो.

इथेही राइडच्या दारातच कर्मचाऱ्याला विचार, 'आम्ही आलटूनपालटून बसू का?' नाही म्हणाले तर वाद नको. पण नवऱ्याला एकट्याला रांगेत उभं करून ऐनवेळी सगळं खटलं पुढे घुसवू नकोस. मागच्या बाईच्या कडेवरही बाळ असतं. लेकीला मध्येच शू लागली, तर मागच्यांना सांगून जा. आणि मोठ्या राइड सकाळीच उरकून घ्या.