पत्रावर ‘सुपरवायझर’ लिहिलं म्हणून ओव्हरटाइम बंद होतो का?

पद वाढलं, आता ओव्हरटाइम नाही, असं सांगितलं गेल्याची पत्रं वाळूज, जालना, नांदेडहून सतत येतात. म्हणून काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : जालन्यातल्या रोलिंग मिलमध्ये आहे. पगार महिन्याचा आहे, रोजावर नाही. ओव्हरटाइम मिळेल का?

हो. महिन्याचा की रोजाचा, याने हक्क बदलत नाही.

प्रश्न : मेंटेनन्स फिटर आहे, पगार 32,000. इतक्या पगाराला ओव्हरटाइम नसतो म्हणतात.

ऐकीव गोष्ट आहे, सोडून द्या. कामाचे तास आणि ओव्हरटाइम ठरवणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतली 18,000 रुपयांची मर्यादा देखरेख करणाऱ्यांसाठी आहे. कुशल, तांत्रिक वा कारकुनी काम करणाऱ्याला ती लागत नाही.

प्रश्न : वाळूजला सीएनसी ऑपरेटर होतो. आता पत्रावर ‘शिफ्ट सुपरवायझर’, पगार 21,500, हाताखाली चार हेल्पर. मशीन तेच, पण ओव्हरटाइम बंद केला.

ही युक्ती मला सर्वांत जास्त खटकते, कारण बढतीच्या आनंदात माणूस सही करून मोकळा होतो. पद काय लिहिलंय यावर निकाल लागत नाही. मुख्य काम कोणतं, यावर लागतो. आनंदबाजार पत्रिका या बंगाली वृत्तपत्राच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी लावली : हाताखाली कारकून होते, तरी त्या कर्मचाऱ्याचं मुख्य काम कारकुनीच होतं, म्हणून तो कामगार.

आता स्वतःला विचारा. हेल्परची रजा तुम्ही मंजूर करता, की अर्ज फक्त पुढे पाठवता? मेमोवर सही कोणाची? हेल्परला दुसऱ्या मशीनवर हलवायला कोणाला विचारावं लागतं? आठातले सात तास मशीनवरच जात असतील, तर तुम्ही ऑपरेटर आहात. मात्र रजा, कामवाटप, शिस्त हे खरोखर तुमच्या हातात असेल, तर 21,500 पगारावर तुमची बाजू कमकुवत आहे, हेही समजून घ्या.

जुनं-नवं पत्र, पगारपत्रकं, पंचिंगच्या नोंदी आणि ऑपरेटर म्हणून तुमचं नाव असलेल्या प्रॉडक्शन शीटच्या प्रती आजच जमवा. नोकरी सुटली की हे कागद हाती लागत नाहीत. मग कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा. त्याआधी राजीनामा नको, नव्या कागदावर सहीही नको.

प्रश्न : नांदेडला कापड दुकानात ‘मॅनेजर’ आहे. दुकान कायदा मला लागू नाही म्हणतात.

महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यात व्यवस्थापकीय, देखरेखीच्या व गोपनीय पदांना सूट आहे. पण अशा पदांची यादी वेबसाइटवर, वेबसाइट नसेल तर दुकानात ठळक जागी लावावी लागते आणि प्रत सरकारी यंत्रणेकडे द्यावी लागते. ती यादी मागा. हा कायदा किती कामगारांपासून लागतो आणि तासांची मर्यादा किती, यांत 2025 मध्ये बदल झाले. आजची स्थिती कामगार कार्यालयात विचारा.

प्रश्न : ओव्हरटाइम बेसिकवर, तोही एकपट देतात.

दर दुप्पट हवा, आणि महागाई भत्ता धरून. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 15,600 असतील, तर 26 दिवस गुणिले 8, म्हणजे 208 तासांनी भागल्यावर तासाला 75, ओव्हरटाइमचे 150. वीस तासांचे 3,000. इतर भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर निम्म्याच्या वरची रक्कमही वेतनात धरावी लागते. पगारपत्रक तज्ज्ञाकडून तपासून घ्या.

प्रश्न : लातूरच्या डाळ मिलमध्ये ठेकेदाराकडे आहे. तो पैसे देत नाही.

ठेकेदाराने दिले नाहीत, तर मूळ मालकावर, म्हणजे मिलच्या मालकावर, जबाबदारी येते. दोघांनाही लेखी द्या.

प्रश्न : नोकरी सोडल्यावर एकदम दावा करावा म्हणतो.

नको. वेतन संहितेत दाव्याला तीन वर्षं आहेत, पण ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासूनची. आधीच्या वेतन प्रदान कायद्यात मुदत 12 महिनेच होती. प्रत्येक महिन्याच्या थकबाकीची मुदत वेगळी मोजली जाते. याच आठवड्यात वकिलाला भेटा.