लुटेशियाचं पॅरिस कसं झालं?

ज्युलियस सीझरच्या गॉल (म्हणजे साधारण आजचा फ्रान्स) मोहिमेचं वर्णन वाचताना शेजारी नकाशा उघडला तर निम्मी नावं सापडतच नाहीत, हा तुमचा अनुभव मलाही सुरुवातीला आला होता. लुटेशिया म्हणजे पॅरिस, समरोब्रिव्हा म्हणजे आमियां; उच्चारात काडीचं साम्य नाही, मग हे ठरवलं कुणी आणि कशावरून, असं तुम्ही विचारलंय. आधी एक सांगतो: नुसत्या उच्चारावरून गावं जुळवायला जाऊ नका, फसगत तिथेच होते.

गॉलमधल्या बऱ्याच शहरांच्या नावामागे तिथल्या जमातीचं नाव लागायचं. लुटेशिया पारिसिओरुम, म्हणजे पारिसी लोकांचं लुटेशिया. आपल्याकडे पिंपळगावं ढीगभर, म्हणून 'पिंपळगाव बसवंत' म्हणावं लागतं, तसंच. नोव्हिओमागुस नावाची गावं अशीच ठिकठिकाणी होती. नाव गॉल लोकांच्या केल्टिक भाषेतलं, अर्थ 'नवं मैदान' किंवा 'नवा बाजार'. त्यातलं बाटाव्ही लोकांचं आज नेदरलँड्समधलं नायमेखन आहे, लेक्सोव्हींचं फ्रान्समधलं लिझ्यो. नायमेखनमध्ये मूळ शब्द टिकला, लिझ्योमध्ये जमात टिकली. रोमन सत्तेच्या उत्तरार्धात गॉलमध्ये हे दुसऱ्या प्रकारचं फार झालं, जणू लोक 'पिंपळगाव' टाकून नुसतं 'बसवंत' म्हणू लागले. म्हणून आम्बिआनींचं आमियां, बितुरिगेसांचं बूर्ज (सीझरचं अव्हारिकुम ते हेच), रेमींचं रँस.

आता पॅरिसच्या शेवटच्या 'स'कडे बघा. जमातीचं नाव पारिसी, मग 'स' कुठून आला? लॅटिनमध्ये 'पारिसी लोकांत' म्हणायचं तर 'पारिसीइस' होतं. लोक गावाचं नाव रोज 'तिथे राहतो', 'तिथून आलो' अशाच वाक्यांत घेतात, त्यामुळे विभक्तीचं रूपच नाव होऊन बसलं. एखाद्या परक्यानं आपलं बोलणं ऐकून शहराचं नाव 'पुण्यात' आहे असं लिहून घ्यावं, तसं. फ्रेंच लोक आज पॅरिसचा उच्चार 'पारी' करतात, 'स' फक्त लिहिण्यात उरलाय. रँसमध्ये मात्र तो अजून ऐकू येतो. मला या एका अक्षराचं फार अप्रूप वाटतं.

गॉलबाहेर गोष्ट बदलते. तिथे मूळ नावच टिकतं, पण मधे दुसऱ्या भाषा येतात. स्पेनमधलं सीझरऑगुस्ता अरबी तोंडात सरकुस्ता झालं आणि त्याचं पुढे सारागोसा. ब्रिटनमधल्या एबोराकुमचा अर्थ अँग्लो-सॅक्सन लोकांना कळेना, त्यांनी त्यात आपला रानडुकराचा शब्द 'एओफोर' ऐकला आणि एओफोरविक केलं. व्हायकिंगांनी त्याचं योर्विक केलं, त्यातून यॉर्क. मधली पायरी काढली तर दोन टोकं जुळणारच नाहीत.

बरं, मग पुरावा काय? अंतरं, मैलाचे दगड आणि कोरीव लेख. रोमन प्रवासयाद्यांत थांब्यांमधली अंतरं दिलेली असतात. फक्त गॉलमधले आकडे पुष्कळदा 'ल्यूगा'त असतात, आणि एक ल्यूगा म्हणजे दीड रोमन मैल, साधारण २.२ किलोमीटर. ते मैल समजून मोजलंत तर भलत्याच गावी पोचाल.

अलेसियाचा वाद मुद्दाम वाचा. इसवी सनपूर्व ५२ मध्ये गॉल लोकांचा नेता व्हर्सिंजेटोरिक्स सीझरपुढे जिथे हरला ते हे ठिकाण. एकोणिसाव्या शतकात आलेझ नावाच्या गावानं त्यावर हक्क सांगितला, आणि नाव तर अगदी जुळत होतं. पण बर्गंडीतल्या आलीझ-सँत-रेन इथे १८३९ मध्येच एक लेख सापडला होता, त्यात 'अलिसिआत' अशा अर्थाचे शब्द कोरलेले आहेत. पुढे तिसऱ्या नेपोलियननं १८६१ ते १८६५ मध्ये तिथे उत्खनन करवलं आणि सीझरच्या वेढ्याचे खंदकच हाती लागले.

कधी गाव उठून दुसरीकडे जातं. गॉलमधलं बिब्राक्टे डोंगरावर होतं. लोक खाली नव्या ऑगुस्टोडुनुमला, म्हणजे आजच्या ओतँला गेले. त्यामुळे 'बिब्राक्टे म्हणजे ओतँ' असं कुठे वाचलंत तर ते खोडा. बिब्राक्टे म्हणजे माँ ब्यूव्रे, आणि तिथे आज गाव नाही, अवशेष आहेत.

हीच पद्धत आपल्या मातीतही लागू पडली आहे. पहिल्या शतकात रोमन इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं 'पेरिप्लस' या सागरी व्यापारमार्गांच्या माहितीपुस्तकात आपली बंदरं आणि पेठा नोंदवल्या. त्यातलं कल्लिएना म्हणजे कल्याण, हे ऐकताक्षणी कळतं. तगर मात्र बराच काळ सापडेना. देवगिरी, जुन्नर असे तर्क झाले. पेरिप्लस म्हणतो, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांची वाट. शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करत असूनही आपल्या लेखांत 'तगरपुरवराधीश्वर' हे बिरूद मिरवत. शेवटी ठरलं ते धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तगर, मधला 'ग' झिजला, तेर. तिथल्या संग्रहालयात रोमन व्यापाराच्या काळातल्या वस्तू आहेत. जमलं तर सीझर वाचून होण्याआधीच तेरला एक चक्कर मारा.